मुलांना मातीकाम कसं शिकवावं? शेतातल्या मातीचे बैल तडकतात, मग विकतची क्ले आणावी का?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला राहता, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत. सुट्टीत शेतातली माती आणून बैल केले, पण वाळता वाळता ते तडकले, पाय गळून पडले आणि मुलं हिरमुसली. आता विकतची क्ले आणावी का आणि रंग कोणते द्यावेत, असं विचारलंय. मी जळगाव जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांबरोबर दरवर्षी मातीत हात घालते. पहिली गोष्ट, मुलांना आजच सांगा की त्यांचं काही चुकलं नव्हतं. माती तशी होती, आणि ती सुधारता येते.

आपली काळी जमीन कपाशीला उत्तम, मातीकामाला अवघड. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच भेगा तुमच्या बैलांना पडल्या. त्यात आपल्याकडचं ऊन! पारा 44-45 वर गेलेला, वारा कोरडा. अशा हवेत मातीचा वरचा थर भराभर सुकतो आणि आत ओल तशीच राहते. वरचा थर आकसायला बघतो, आतली माती त्याला जागा देत नाही, मग तडा जातो.

म्हणून क्ले आणायची घाई करू नका. तेलातली रंगीत क्ले वाळतच नाही, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना सराव म्हणून ती ठीक. पण आपल्या गावची माती भिजवायची, गाळायची, मळायची हेच निम्मं शिक्षण आहे, आणि ते पाकिटातून मिळत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग कुंभारवाड्यात जाण्याचा. कुंभारदादांकडे तयार मळलेली माती असते. फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी जाऊ नका, तेव्हा घागरींच्या कामापुढे त्यांना मान वर करायला वेळ नसतो. आखाजी झाली की मुलांना घेऊन जा, थोडा वेळ चाकाजवळ बसू द्या.

घरीच करायची तर नदीकाठचा बारीक गाळ मिळाला तर बघा, नाहीतर शेतातलीच माती घ्या. आधी ती उन्हात खडखडीत वाळवा आणि ढेकळं फोडा. वाळलेली माती पाण्यात टाकताच विरघळायला लागते, अर्धवट ओलं ढेकूळ मात्र तासन्‌तास तसंच राहतं. मुलांना हे दोन वाट्यांत शेजारी शेजारी करून दाखवा, तोंडाचा आ करून बघत बसतात. रात्रभर भिजवून, ढवळून, जुन्या सुती ओढणीतून गाळा. गाळणं टाळू नका. आपल्या मातीत बाभळीचे काटे असतात, काचा असतात आणि चुनखडीचे पांढरे खडे असतात. हा खडा भाजलेल्या वस्तूत राहिला तर नंतर हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरचा टवका उडवतो. गाळलेलं पाणी निवळलं की वरचं नितळ काढून टाका, खालचा गारा गोणपाटावर पसरा. घट्ट व्हायला लागला की दोन वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू घालून मळा. वाळू आकसत नाही, त्यामुळे भेगा बऱ्याच कमी होतात. माती कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या पिठाइतकी घट्ट हवी. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. ती तुटली तर थोडं पाणी लावून आणखी मळायची, हाताला चिकटली तर जरा सुकू द्यायची.

आता पायांचं. बहुतेक जण धड वेगळं करतात, चार पाय वेगळे करतात आणि नुसते चिकटवतात. ते गळणारच. त्याऐवजी एकच जाड वळी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना सुरीने उभी चीर द्या आणि चिरलेले भाग फाकवून खाली वळवा. पुढचे दोन आणि मागचे दोन पाय धडातूनच निघतात, जोड नाही म्हणजे तुटायचा प्रश्न नाही. वशिंड पाठीवरची माती चिमटीत धरून वर ओढायचं. डोकं आणि शिंगं मात्र जोडावी लागतात. तिथे दोन्ही बाजूंना काडीने आडवे-उभे ओरखडे काढा, पातळ गारा लावा, दाबून बसवा आणि सांध्यावरून बोट फिरवा. हे दहा वर्षांच्या मुलाला नीट जमतं. सहा वर्षांच्याला गोळ्यात अंगठा खुपसून, फिरवत फिरवत वाटी करू द्या. पोळ्याला तीच बैलापुढची गव्हाण होते.

एक विनंती मनापासून करते. मुलाच्या हातातला बैल घेऊन सरळ करून देऊ नका. तुम्ही तुमचा वेगळा गोळा घ्या, शेजारी बसून तुमचा बैल करा. त्याला बघून शिकायचं असेल तर तो बघेल. मोठ्यांनी एकदा बोट लावलं की मूल पुढच्या वेळी गोळा आपल्या पुढ्यात आणून ठेवतं आणि 'तुम्हीच करा ना' म्हणतं. असं झालेलं मूल पुन्हा मोकळं व्हायला फार वेळ लागतो.

सजावटीबद्दल माझं मत ठाम आहे : निम्मी सजावट माती ओली असतानाच करा, रंग नंतर. ठसे उमटवायला आपल्या शिवारात काय कमी आहे? कापूस वेचल्यावर झाडावर राहिलेलं बोंडाचं टरफल दाबलं की चार-पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. बाजरीचं कणीस हलक्या हाताने लाटलं की ठिपक्यांची नक्षी. केळीच्या पानाची मागची बाजू पातळ लाटलेल्या मातीवर दाबा. शिरांच्या समांतर रेघा इतक्या स्वच्छ येतात की तो तुकडा तसाच बैलाच्या पाठीवर टाकला की झूल तयार. कोरायला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची काडी.

मुलांना हेही सांगा की हे काम आपल्या भागाला नवं नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तापीकाठी मातीची भांडी रंगवणारी माणसं राहत होती. सावळदा गावावरून त्या संस्कृतीला नाव मिळालं, त्या भांड्यांवर बाण आणि मासेसुद्धा काढलेले आहेत. तापीकाठच्याच प्रकाशा या गावी 1955 साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तिथेही रंगवलेली खापरं निघाली. मी हे सांगते तेव्हा वर्गातलं एखादं पोर हमखास मासा कोरायला घेतं.

वाळवताना ऊन आणि पंखा दोन्ही टाळा. सावलीत ठेवा, पहिल्या दिवशी वर ओलसर सुती फडकं आणि रोज एकदा बाजू पालटा. पूर्ण वाळला का हे कळायला तो गालाला लावा. गार लागला तर आत अजून ओल आहे. खरं तर आपल्याकडे या कामाला मेपेक्षा श्रावण बरा, हवेत दमटपणा असतो आणि अमावास्येला पोळा. मुलींना पुढे भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई (भुलाबाई) बसवायची असते, तीही घरीच घडवू द्या.

रंगांत मला गेरू सर्वांत आवडतो. रात्रभर भिजवून त्यात थोडं बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला, म्हणजे हाताला लागत नाही. काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी पोस्टर कलर. भिजवलेला चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात उडाला तर भाजतो. पोस्टर कलर द्यायचा तर घट्टसर आणि पातळ थरात, कारण कच्ची माती पाणी लागलं की पुन्हा मऊ पडते. ऑइलपेंट नको.

भाजायचं असेल तर घरी प्रयोग करू नका, कुंभारदादांना विचारून त्यांच्या भट्टीत ठेवा. त्यासाठी वस्तू बोटापेक्षा जाड नको आणि रंगही भाजल्यावरच द्यायचे. पोटात ओल राहिलेला भरीव बैल वाफेने फुटतो आणि शेजारची मडकीही फोडतो. पोळ्याच्या पूजेला कच्चे बैल चालतात.

आवरताना वाळलेली माती झाडूने झाडू नका, ती बारीक धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. हात मोरीत न धुता बादलीत धुवा, नाहीतर नळी तुंबेल. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना घाला. तडकलेले जुने बैल फेकले नसतील तर तेही कुटून त्याच बादलीत टाका. कच्चे आहेत तोवर त्यांची पुन्हा माती होते.