ऑनलाइन दहशतवाद जगात सगळीकडे सारखाच असतो, की प्रदेशानुसार बदलतो?

बदलतो. आणि माझ्या मते विचारसरणीपेक्षाही भाषेने आणि हातातल्या ॲपने जास्त बदलतो. मी या विषयातला पंडित नव्हे, गोव्यातल्या फोंड्यात डीटीपीचं दुकान चालवतो. पण लिप्यांचे घोळ रोज निस्तरतो, म्हणून म्यानमारची गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच.

श्रीलिपीत टाईप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की कसा कचरा दिसतो, पाहिलंय ना? म्यानमारमध्ये साधारण तेच झालं. तिथल्या बहुतेक फोनवर युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नव्हे, झॉजी नावाचा फाँट होता, त्यामुळे यंत्राला मजकूर धड वाचताच येईना. रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर विष ओतलं जात असताना, 2015 च्या सुरुवातीला त्या कंपनीकडे बर्मी जाणणारे तपासनीस होते फक्त दोन. 'दिसतील तेवढे कलार मारा, एकही जिवंत ठेवू नका' अशी एक पोस्ट होती (कलार ही तिथली मुसलमानांसाठीची शिवी). फेसबुकच्याच यंत्राने तिचं इंग्रजी केलं ते असं: 'म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य असू नये.' ऑगस्ट 2018 मध्ये रॉयटर्सने हे छापलं, मग भाषांतराची ती सोय बंद झाली. तोवर सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते.

पाश्चात्त्य देशांत चित्र वेगळं. तिथे बऱ्याचदा एकटा माणूस, डोक्यावर कॅमेरा आणि आधी टाकलेला जाहीरनामा. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये 15 मार्च 2019 ला 51 जणांचा जीव घेणाऱ्याने 17 मिनिटं फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं. पहिल्या 24 तासांत कंपनीने त्याच्या 15 लाख प्रती काढल्या. म्हणजे भाषेची अडचण नव्हती, प्रतींची होती. 2022 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत गोळीबार सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत ट्विचने (थेट प्रक्षेपणाची एक सेवा) प्रक्षेपण तोडलं, तरी चित्रफीत फिरायची ती फिरलीच. युरोपात आता सरकारी आदेश मिळाल्यापासून तासाभरात असा मजकूर काढावा लागतो, तसा कायदा जून 2022 पासून लागू आहे.

आफ्रिकेत अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेने 2013 मध्ये केनियातल्या नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला चालू असतानाच इंग्रजीत ट्वीट केले. ते जगाला ऐकवायला. स्वतःच्या सोमाली लोकांसाठी त्यांचा रेडिओ आहेच. आणि खातं जिथे चालतं तिथेच हिंसा होते असंही नाही. आयसिसचा उदोउदो करणारं 'शमी विटनेस' हे गाजलेलं ट्विटर खातं बंगळुरूतून चालायचं, डिसेंबर 2014 मध्ये तिथेच अटक झाली.

आपल्याकडची तऱ्हा आणखी निराळी. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच पसरलेली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे पाच जण गावाने ठेचून मारले. याला दहशतवाद म्हणणार नाही मी, कारण ना संघटना, ना जाहीरनामा. पण फोनवरून पेटलेली हिंसा म्हणून सोडूनही देता येत नाही. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे कोणी तक्रार केल्याशिवाय तिथे तपासनीस येत नाही. असतो तो ग्रुपचा ॲडमिन, म्हणजे आमच्या वाड्यावर माझा मेहुणा.

गोव्यात तर एकाच धाग्यात देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, मराठी आणि हिंदी असते. गेल्या वर्षी एका मोठ्या समाजमाध्यमावर कोणीतरी रोमी कोंकणीत लिहिलं होतं की बाहेरच्या मजुरांच्या खोल्या रात्री पेटवून द्या. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं: आमच्या नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. ती कॉमेंट अजून तिथेच आहे, खाली अकरा लाइक.