सहा जणांच्या कुटुंबाने केर्न्सची सहल कशी आखावी?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला जायचंय. नवरा-बायको, पासष्टीच्या पुढचे आई-वडील, ५ आणि ११ वर्षांची मुलं. हातात सात रात्री. मे महिन्याची सुट्टी घ्यावी की नाताळची? पोहता फारसं कुणालाच येत नाही आणि निम्मं घर शाकाहारी आहे.

नाताळ सोडून द्या. डिसेंबर ते एप्रिल तिथला पावसाळा, त्यातच चक्रीवादळांचा हंगाम. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जॅस्पर’ वादळानंतर तिथे इतका पूर आला की विमानतळ पाण्याखाली गेला आणि डोंगरातले रस्ते खचले. दरवर्षी असं होत नाही, पण नाताळातला उकाडा, जेलीफिश आणि चढे भाव मात्र दरवर्षीचेच. मेचा शेवटचा पंधरवडा ते जूनची पहिली दहा-बारा तारीख धरा. दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, रात्री अठराच्या आसपास, आणि आपल्या शाळा उघडायच्या आत परत येता येतं. जूनच्या अखेरीस क्वीन्सलँडच्या शाळांना सुट्टी लागते, मग खोल्या महागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केर्न्सची सहल स्थळांच्या यादीवरून आखू नका, वाऱ्यावरून आखा. तुम्ही मुख्यतः ग्रेट बॅरियर रीफसाठी, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगेसाठी जाताय आणि तो दिवस कसा जाणार हे एकटा वारा ठरवतो. मेपासून आग्नेयेचे वारे जोर धरतात. ऊन लख्ख असतं, आकाशात ढग नसतो आणि तरी बोटीत निम्मी माणसं पिशव्या तोंडाला लावून बसलेली असतात. ऑस्ट्रेलियन हवामान खात्याच्या संकेतस्थळावर केर्न्स किनाऱ्याचा सागरी अंदाज रोज येतो. त्यात वाऱ्याचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, दिलेला असतो. १५ नॉटच्या आत असेल तर बिनधास्त जा. १५ ते २० म्हणजे बोट हलणार, गोळी घेऊन जा. २० ते २५ असेल आणि बरोबर आजी-आजोबा असतील, तर दिवस बदला.

दिवस बदलायचा तर तो हातात असला पाहिजे. बहुतेक लोक रीफ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात आणि तिथेच फसतात: वारा सुटला की पुढे सरकायला जागाच उरत नाही. रीफ तिसऱ्या दिवशी ठेवा आणि चौथा-पाचवा दिवस सहज मागेपुढे करता येईल असा ठेवा. दुसऱ्या दिवशी नको, कारण बोटीवर सकाळी साडेसात-आठला हजर व्हायचं असतं. केर्न्स आपल्या साडेचार तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या शरीराच्या घड्याळात ते पहाटेचे तीन. झोप न झालेलं मूल आणि हलणारी बोट एकत्र आणू नका. तिकीट काढताना तारीख किती तास आधीपर्यंत फुकट बदलता येते ते वाचून घ्या. बोट कंपनीने स्वतः रद्द केली तर पैसे परत मिळतात, पण पंचवीस नॉटच्या वाऱ्यातही पुष्कळ बोटी सुटतात, तेव्हा ‘रद्द झाली तर बघू’ या भरवशावर राहू नका.

कोणती बोट? तुमच्या घरासाठी बाहेरच्या रीफवर पाँटून असलेलीच. पाँटून म्हणजे रीफजवळ कायम नांगरलेला मोठा तरंगता तराफा. केर्न्सहून साधारण दीड-दोन तास लागतात. तिथे पाण्याखाली काचेची खोली असते आणि अर्धी बुडालेली, खाली काचेच्या खिडक्या असलेली बोट फेऱ्या मारते. आई-वडिलांना कपडे न भिजवता प्रवाळ आणि मासे दिसतात. लहान डायव्हिंग बोटी स्वस्त आणि मजेच्या असतात, पण पोहता न येणाऱ्याने दिवसभर तिथे करायचं काय? पाँटूनला माणशी साधारण २५० ते ३५० ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात. ४ ते १४ वयाच्या मुलांना सहसा सवलत असते, आणि दोन मोठे-दोन लहान असं कुटुंब-तिकीटही असतं. आजी-आजोबांची तिकिटं वेगळी काढा.

वारा हटतच नसेल तर ग्रीन आयलंड. पाऊण तासात पोचता, पाणी उथळ, काचेच्या तळाची बोट आहे आणि बेटावर झाडांची सावली आहे. बाहेरच्या रीफइतकं पाणी नितळ नसतं, पण पाच वर्षांच्या मुलाला तो फरक कळत नाही.

बोट लागू नये म्हणून गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. आई-वडिलांची रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल हे इथल्या डॉक्टरांनाच विचारून ती बरोबर न्या. बसायला खालचा मजला, बोटीचा मागचा-मधला भाग. सकाळी कोरडं, थोडं खा. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर.

पाण्यात उतरण्याआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. साठीच्या पुढचे आणि हृदय, फुप्फुस किंवा फिट्सचा इतिहास असलेले लोक तिथे जोखमीचे धरतात. त्यांना वेगळ्या रंगाचा स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) किंवा जॅकेट देतात, तरंगायला साधन देतात आणि जवळ कुणीतरी राहतं. आपल्याकडे ‘लिहिलं तर सोडणार नाहीत’ म्हणून खोटं लिहायची सवय आहे. इथे ती नको. खरं लिहिल्याने स्नॉर्कलिंग सहसा बंद होत नाही, उलट तुमच्यावर नजर राहते. स्कूबाचं, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून खोल जाण्याचं, वेगळं आहे. त्याला वय साधारण १२ पूर्ण लागतं, त्यामुळे थोरला यंदा बसत नाही; दमा किंवा रक्तदाबाचं औषध असेल तर मोठ्यांनाही नाही म्हणतात. मोठ्यांपैकी कुणी स्कूबा केलंच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी डोंगरावर चढू नका आणि विमानाला किमान १८ तास, शक्य तर पूर्ण दिवस, जाऊ द्या. स्कूबानंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं, आणि केर्न्समागचं डोंगरातलं गाव कुरांडा तीनशे मीटरच्या वर आहे, आथर्टनचं पठार त्याहून बरंच उंच, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा. उणे नंबरचे बहुधा मिळतात, अधिकचे क्वचितच.

आता राहायचं कुठे. केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनाराच नाही, हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो. एस्प्लनेडसमोर, म्हणजे शहराच्या समुद्राकाठच्या रस्त्यासमोर, ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात पक्षी असतात आणि क्वचित मगरही. त्याची भरपाई म्हणून नगरपालिकेने खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय, लगून म्हणतात. फुकट आहे, लाइफगार्ड असतात, एका टोकाला घोट्याएवढं पाणी. तुमच्या मुलांसाठी हीच जागा उत्तम, आणि पलीकडे मडीज हे पाण्याच्या कारंज्यांचं खेळाचं मैदानही फुकट. लगून बुधवारी सकाळी साफसफाईसाठी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा. खरा वाळूचा किनारा हवा तर उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर ट्रिनिटी बीच, पाम कोव्ह. सुंदर आहेत, पण तिथे राहिलात तर रोज सकाळी बोट किंवा रेल्वेसाठी शहरात यावं लागतं. सहाजणांनी शहरातच, एस्प्लनेडपासून चालत जाता येईल असा, स्वयंपाकघर असलेला दोन-तीन खोल्यांचा अपार्टमेंट घ्यावा आणि एक दिवस पाम कोव्हला जाऊन यावं. क्वीन्सलँडमध्ये शहर बसचं भाडं ऑगस्ट २०२४ पासून ५० सेंट आहे.

जेलीफिशबद्दल घाबरवून सांगणारे खूप भेटतील. हंगाम नोव्हेंबर ते मे, म्हणजे तुम्ही शेपटीला जाताय. बॉक्स जेलीफिश किनाऱ्यालगत असते, म्हणून किनाऱ्यांवर समुद्रात जाळीचं कुंपण घालतात; त्याच्या आत आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं. इरुकांदजी नावाची नखाएवढी जात जाळीतून आत येऊ शकते, म्हणून अंगभर लायक्राचा सूट घालायचा. तो रीफच्या बोटीवर भाड्याने मिळतो आणि उन्हापासूनही वाचवतो. डंख झालाच तर किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते: चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, निदान अर्धं मिनिट व्हिनेगर ओतायचं आणि ००० या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. मगरीची पाटी दिसली की खाडी, ओढ्याचं मुख, नदीकाठ सगळं वर्ज्य, पाय बुडवायलासुद्धा.

कुरांडाचा दिवस दुसरा ठेवा, त्याला गाडी लागत नाही. जाताना १८९१ ची घाटातली रेल्वे, पंधरा बोगदे. येताना साडेसात किलोमीटरची स्कायरेल, म्हणजे रोपवे, जंगलाच्या शेंड्यांवरून. दोन्ही एकाच तिकिटात घ्या. बोरघाट पाहिलेल्याला रेल्वे संथ वाटेल, पण स्कायरेलला आपल्याकडे जोड नाही. मधल्या दोन्ही थांब्यांवर उतरा, आईंच्या गुडघ्यांना झेपेल अशा फळ्यांच्या वाटा आहेत. गावातली दुकानं दुपारी तीन-साडेतीनला आवरायला लागतात, म्हणून सकाळची पहिली गाडी घ्या. क्वीन्सलँडमध्ये कोआला हातात घेऊन फोटो काढायला कायद्याने परवानगी आहे, सिडनीकडे नाही. धाकट्याला वय-उंचीच्या अटीत बसवतात का ते विचारून मगच पैसे भरा.

उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी गाडी घ्या. सहाजण म्हणजे सात सीटची एसयूव्ही पुरेल असं वाटतं, पण तिसरी रांग उघडली की सामानाला जागा राहत नाही. किया कार्निव्हलसारखी आठ सीटची गाडी मागा आणि लवकर मागा, कारण त्या मोजक्याच असतात. पाच वर्षांच्या मुलाला बूस्टर किंवा बालआसन सक्तीचं आहे आणि त्यावर एएस/एनझेडएस १७५४ हा शिक्का हवा. पुण्याहून नेलेली सीट कायद्याने चालत नाही. तीही गाडीबरोबरच भाड्याने घ्या. अकरा वर्षांच्याला साधा पट्टा पुरतो. इंग्रजीतला भारतीय परवाना चालतो, गाडी डावीकडूनच. मात्र फोन हातात धरणं आणि पट्टा नीट न लावणं कॅमेरे टिपतात आणि दंड हजार डॉलरच्या वर जातो. जूनपासून उसाच्या छोट्या रेल्वेगाड्या रस्ता ओलांडतात, तिथे लाल दिव्याला थांबा.

एक दिवस उत्तरेचं डेंट्री वर्षावन: मॉसमन गॉर्ज या दरीला शटल बस, पुढे तारेवर ओढली जाणारी फेरी. फेरीपलीकडे मोबाइलची रेंज जवळपास नसते, नकाशा आधी उतरवून घ्या, पेट्रोल अलीकडेच भरा. केप ट्रिब्युलेशनपर्यंत एका बाजूने अडीच तास लागतात. धाकटा कंटाळणारा असेल तर मॉसमनवरूनच परता. दुसरा दिवस आथर्टन पठार: इचम सरोवर, कर्टन फिग हे प्रचंड झाड, मिला मिला धबधबा. पठारावर चढणारा गिलीज रस्ता मात्र १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणांचा आहे. गाडी लागणारी मुलं असतील तर कुरांडामार्गे चढा. अंधार पडायच्या आत खाली या, वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात.

खाण्याचं: रस्टीज बाजार फक्त शुक्रवार ते रविवार. भाज्या, पपई, नारळ, मिरच्या, आलं सगळं मिळतं, आणि ते पाहून तुमच्या मुक्कामाचा पहिला दिवस ठरवलात तरी चालेल. बोटीवरचं जेवण तिकिटातच असतं, पण त्यात कोळंबी आणि थंड मांसच जास्त. तिकीट काढतानाच ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही’ असं तिन्ही वेगळं सांगा. नुसतं व्हेज म्हटलं तर अंडं येतंच. हॉटेलांची स्वयंपाकघरं साडेआठच्या सुमारास बंद होतात, आपल्यासारखं दहाला जेवायला निघू नका.

ऑस्ट्रेलियात उतरताना कस्टम्सच्या कार्डावर खाण्याच्या प्रत्येक वस्तूसाठी ‘हो’ लिहा. पेढे, बर्फी, गुलाबजाम असले दुधाचे पदार्थ, कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं पुण्यातच ठेवा. सांगून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या लाडवाला दंड बसतो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. थेपले, चिवडा, चहा, दुकानातले सीलबंद मसाले न्यायचे तर एकाच पिशवीत वर ठेवा, म्हणजे दाखवायला अख्खी बॅग उपसावी लागत नाही. आई-वडिलांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, फार तर तीन महिने पुरतील एवढीच.

व्हिसा ६००, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा, प्रत्येकाला वेगळा, तान्ह्या बाळालाही. तुमचे सहा अर्ज. भारतातून केर्न्सला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे जा, तिथून केर्न्सला थेट विमान मिळतं. सिडनीमार्गे गेलात तर तिथेच इमिग्रेशन, सामान उचलून पुन्हा देणं आणि देशांतर्गत टर्मिनलला जाणं आलं. तीन तासांच्या आतली जोडणी सहाजणांना घेऊ नका.