पाय थोडे सुजतात, एवढंच?

ताई, चार वर्षांपूर्वी आईची किडनी मला बसवली. काही पैसे सरकारी योजनेतून मिळाले, उरलेले ८६ जणांनी वर्गणी काढून दिले. सगळ्यांची नावं वहीत आहेत. आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, १.१ आहे, टेम्पो चालवतो. पण ५० हजार देणारे मामा प्रत्येक कार्यात ऐकवतात, ‘तेवढ्यात विहीर झाली असती.’ बायको म्हणते, पाचव्या वर्षी सगळ्यांना जेवायला बोलवू. आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणून मी मेडिकलमधून गोळ्या आणून देतो, पाय थोडे सुजतात एवढंच. मामांना काय उत्तर देऊ?
– एक वाचक, जयसिंगपूर

मामांचं आधी उरकून टाकू. किडनी बसली नसती तर डायलिसिसच होतं. आठवड्याला तीन धरली तर वर्षाला १५६, चार वर्षांत ६२४. दर वेळी चार तास सुया टोचून पडून राहायचं. टेम्पो कोणी चालवला असता? ८५ जणांना हे न सांगता कळलं. सरकारलाही कळलं, म्हणून तर २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाखांवर नेली. मामांची विहीर एखाद्या उन्हाळ्यात आटलीही असती. झालं मामांचं.

आता मला सांग, आईचे पाय कधीपासून सुजतात?

तुझं डिस्चार्ज कार्ड आठव. गोळ्या घड्याळ लावून. टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घेतोस त्या औषधाची, पातळी तपासायची त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यावर. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही. हे सगळं तू पाळलंस म्हणून तर १.१ आहे. मग जी गोळी तुला चालत नाही ती आईला कशी चालते? काम करणारी किडनी तिच्याकडेही एकच आहे रे! दुसरी तुझ्या ओटीपोटात आहे.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, अंगात पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात. पाय त्यानंच सुजले असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. शिरांचं असेल, हृदयाचं असेल, बीपीच्या एखाद्या गोळीनंही पाय सुजतात. पण किडनी दिलेल्या बाईचे पाय सुजलेत आणि घरात कोणी तिची लघवी तपासून आणली नाही, याचा मला राग येतो. दात्यानं दर वर्षी बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघून घ्यायचं असतं, जन्मभर. तुझा आकडा तुला दशांशासकट पाठ आहे. तिचा?

तू वाईट मुलगा नाहीस. असंच होतं. ऑपरेशननंतर सगळं घर पेशंटभोवती गोळा होतं. देणारी बाई काही दिवसांत घरी येते, टाके सुकतात न सुकतात तोच परातीसमोर बसते, भाकऱ्या थापते. सगळ्यांना वाटतं, हिचं काय, ही धडधाकट. आणि तिला विचारशील तर म्हणेल, ‘मला काय धाड भरलीय?’

म्हणून विचारू नकोस. आज रात्रीपासून ती गोळी बंद. उद्या सकाळी त्या गोळ्यांची पट्टी खिशात घाल, आईला टेम्पोत पुढे बसव आणि तुझ्याच किडनीच्या डॉक्टरांकडे ने. तुझ्या पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. केसपेपर तिच्या नावाचा काढ, ही किडनीदाता आहे असं खिडकीवरच सांग. गुडघ्यांना काय द्यायचं तेही तिथेच विचार. एक दिवसाचं भाडं बुडेल, बुडू दे.

जेवणाचं नंतर बघू. रिपोर्ट आला की मला आकडा कळव. तिचा.