मुंबईहून युरोपच्या क्रूझला जातोय. चांगले फ्रेंच मॅकरॉन कुठे आणि कसे ओळखून घ्यावेत?

जहाजावरच्या बुफेतले मॅकरॉन (दोन गोल कवचांमध्ये सारण भरलेली छोटी फ्रेंच मिठाई) खाऊन मत बनवू नका. हजारो लोकांसाठी मांडलेले असतात, बराच वेळ उघड्यावर राहतात आणि मऊ पडतात. त्यापेक्षा जहाज मार्सेलसारख्या फ्रेंच बंदराला लागलं की गावातली एखादी पातिसरी, म्हणजे केक-पेस्ट्रीचं दुकान, गाठा. पॅरिसमार्गे विमान असेल तर लादुरे (1862 पासूनचं दुकान) किंवा पेस्ट्री शेफ पिएर एर्मे यांच्या दुकानातून घ्या. मला स्वतःला एर्मे यांचे जास्त आवडतात, गोडावर आंबटपणाची छान मात असते.

ओळखायचं कसं? वरचं कवच गुळगुळीत, अंड्याच्या टरफलासारखं पातळ. खालच्या कडेला जाळीदार झालर हवी. चावल्यावर आधी हलकेच कुरकुरलं पाहिजे, मग आत किंचित चिवट, ओलसर लागलं पाहिजे. आत पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर सोडून द्या. रंग फारच भडक असेल तरी मी टाळते. एकच घ्या, चाखा, मगच डबा बांधायला सांगा.

हा बदामाच्या पिठाचा आणि अंड्याच्या पांढऱ्याचा पदार्थ आहे, नारळाचा मॅकरून वेगळा. घरी कोणी अंडं खात नसेल तर आधीच सांगा.

निघण्यापूर्वी सराव म्हणून मुंबईतच शेफ पूजा धिंग्रा यांच्या ‘ल फिफ्टीन’ या पातिसरीतले खाऊन बघा. आपल्या दमट हवेत ते लगेच ओलावा धरतात, म्हणून घरी आणले की बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी वीसेक मिनिटं डबा न उघडता बाहेर काढा.