केमोटॅक्सिसचा (जिवाणू रसायनाचा माग काढत पोहतात, त्याचा) प्रयोग पहिल्यांदा करतोयस ना, मग हे वाच

आधी डोक्यातून एक गोष्ट काढ, ई. कोलाय या जिवाणूला अन्न कुठे आहे ते 'दिसत' नाही. तो साधारण सेकंदभर सरळ पोहतो, क्षणभर गडबडून दिशा बदलतो, परत पोहतो आणि पोहता पोहता अन्नाचं आत्ताचं प्रमाण काही सेकंदांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून बघतो. अ‍ॅस्पार्टेट (त्याला आवडणारं अमिनो आम्ल) टार रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, चिकटलं की चे-ए हे आतलं प्रथिन थंडावतं, चे-वाय या निरोप्या प्रथिनाला फॉस्फेट कमी मिळतो, फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) फिरवणारी मोटर घड्याळाच्या उलट फिरत राहते आणि सरळ पोहणं लांबतं, बस एवढंच, पण केवढं सुंदर आहे बघ! आणि रिसेप्टरवर लागणारे-निघणारे मिथाइल ग्रुप (छोटे रासायनिक गट) ही त्याची आठवण, हा भाग दोनदा वाच, सगळे इथेच अडकतात.

प्लेट ओतताना अगार (जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ) ०.३ टक्क्याच्या आसपास ठेव, जास्त झालं तर बिचारे पोहणार कसे, आणि ओतल्यावर प्लेट उलटी करू नकोस. कल्चर ३० डिग्रीला वाढव, व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) अजिबात नको, जोरात पिपेट पण नको, फ्लॅजेला तुटतात आणि मग आपण उगाच स्ट्रेनला (जिवाणूच्या वाणाला) दोष देत बसतो. चे-वाय नसलेला म्युटंट प्रत्येक वेळी शेजारी लाव, तो पोहतो पण वळत नाही, त्याच्याशी तुलना केल्याशिवाय रिंगवर (जिवाणू पसरून प्लेटवर उमटणाऱ्या वर्तुळावर) विश्वास ठेवू नकोस.