तारण, मोक्ष आणि थंडावलेला जीव

प्रश्न असा आला आहे: “ख्रिस्ती लोक ‘तारण’ म्हणतात तो मोक्षच ना? मग सरळ मोक्ष का म्हणत नाहीत? तारण म्हणजे तर सोनं ठेवून कर्ज काढतात ते. आणि ओरिजेन नावाचा जुना ख्रिस्ती आचार्य पूर्वजन्म मानायचा असं वाचलं, ते खरं का?”

वरवर दोन वेगळे प्रश्न आहेत, पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

आधी सोन्याचं बघू. आमच्या गावी पतपेढीच्या दारावर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी होती आणि चार घरं पुढे प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर ‘येशू तारणारा आहे’. दोन्हीकडे शब्द एकच. मूळ धातू ‘तॄ’, म्हणजे पार जाणं. त्यातूनच तरणं, तारणं, तारू, नदीचा उतार, उतारू, आणि अवतारसुद्धा. मग गहाणवटीचा अर्थ कुठून आला? माझा तर्क असा की मराठीत पैसा बुडतो, कर्ज बुडीत निघतं. तेव्हा सावकाराचा पैसा बुडू न देणारी वस्तू ती तारण. म्हणजे प्रतिमा पाण्याचीच, फक्त नावेत बसलेला माणूस वेगळा.

आणि गंमत म्हणजे मराठी बायबलात हा शब्द व्यवहारातल्या शब्दांच्या पंगतीतच बसलेला आहे. येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. पवित्र आत्मा हा आपल्या ‘वतनाचा विसार’, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेली रक्कम, आहे. खंडणी, वतन, विसार: गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरातले शब्द वाटतात. (खंडणी आज गुंडांच्या हाती गेल्यामुळे ते वचन नव्या वाचकाला दचकवतं, पण तो दोष भाषांतरकारांचा नव्हे.) मूळ ग्रीकमध्येही हेच आहे. ‘लुत्रोन’ म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवायला मोजायची रक्कम आणि ‘अर्राबोन’ म्हणजे चक्क विसार. हा शब्द ग्रीकांनी सेमिटिक व्यापाऱ्यांकडून उचललेला. तेव्हा तारण शब्दाला बाजाराचा वास येतो म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

मग मोक्ष का नाही? हिंदू परंपरेतला शब्द म्हणून टाळला, असं उत्तर पटकन दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांचं १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलेलं ख्रिस्तपुराण स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हणतं. वैकुंठ चाललं तर मोक्षानेच काय घोडं मारलं होतं? खरी अडचण अर्थाची आहे. मोक्ष ‘मुच्’पासून, म्हणजे सुटणं. कशातून? जन्ममरणाच्या फेऱ्यातून. देह पुन्हा धरावा लागू नये, ही त्यातली आस. ख्रिस्ती शिकवणुकीत फेराच नाही. सुटका पापातून आणि मरणातून आहे, आणि शेवटी पुनरुत्थानात देह परत मिळायचा आहे. मोक्षार्थी ज्याला कंटाळला, तेच इथे बक्षीस.

बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट घ्या. बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसलेला हा माणूस येशूला घरी नेतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो, आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. त्यावर येशू म्हणतो, “आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.” घराला! इथे ‘मोक्ष’ घालून वाचून बघा. बिल्डरने वाडा पाडला की काय असं वाटेल. तारण मात्र जिवंत माणसाला, आज, दुपारच्या जेवणाच्या वेळीही होऊ शकतं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतलं तारणंही असंच, मेल्यानंतरचं नव्हे.

आता ओरिजेन. जन्म साधारण इ.स. १८५ चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. तो म्हणे, देवाने आरंभी देहांच्या आधी बुद्धिमान सत्त्वं निर्माण केली. ती देवाच्या प्रेमात तप्त होती. मग कंटाळली, दुरावली, थंडावली. ग्रीकमध्ये ‘प्सुखे’ म्हणजे जीव आणि ‘प्सुखेस्थाय’ म्हणजे गार होणं. यावरून त्याने व्युत्पत्ती जुळवली की गार झालेली बुद्धी तोच जीव. (आपल्याकडे जीव थंड होतो तो समाधानाने. भाषेभाषेचं हवामान वेगळं.) जितकं दुरावणं, तितकी पुढची स्थिती जड. बायबलातले जुळे भाऊ एसाव आणि याकोब जन्मायच्या आधीच एकावर देवाची मर्जी का, याचं उत्तर त्याला तिथे सापडलं.

मराठी वाचक म्हणेल, हे तर संचित! जवळपास तसंच, पण ‘पूर्वजन्म’ म्हणू नका. जन्म म्हटला की आईचं पोट आलं, मरण आलं. ओरिजेन म्हणतो ते जन्माच्या आधीचं असणं. जीव एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे मत्तयच्या शुभवर्तमानावरील भाष्यात त्याने स्पष्ट नाकारलं आहे. योग्य शब्द ‘पूर्वास्तित्व’. तोही ‘जिवाचं पूर्वास्तित्व’ असा पुरा लिहावा, कारण ख्रिस्ताचं पूर्वास्तित्व, म्हणजे माणूस होण्याआधीही तो होता, ही निराळी आणि सर्वमान्य शिकवण आहे.

गाठ आहे ती इथे. जीव आधी देवाजवळ होता असं मानलं, की तारण म्हणजे परतणं होतं आणि मोक्षाच्या जवळ सरकतं. ओरिजेन त्याला ‘अपोकातास्तासिस’ म्हणे, म्हणजे पूर्ववत होणं. चर्चला हे पेललं नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या ५५३ च्या चर्च-परिषदेच्या नावावर असलेल्या शापवचनांत (अमुक मत मानणाऱ्याला धिक्कारणारी वाक्यं) पहिलंच या दोन कल्पनांवर एकत्र आहे: जिवांचं पूर्वास्तित्व आणि त्यातून निघणारं हे पूर्ववत होणं. (ती वचनं खुद्द परिषदेची की तिच्या आधीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे.) पुढे कॅथलिक शिकवण स्थिरावली ती अशी की प्रत्येक आत्मा देव नव्याने निर्माण करतो.

तरीही पूर्वजन्माच्या बाजूने कोणी योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायावर बोट ठेवतंच. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? जन्मांधाचं स्वतःचं पाप म्हणजे जन्माआधीचं, हे मराठी वाचकाला समजवावं लागत नाही. युरोपातल्या भाष्यकारांना मात्र पानंच्या पानं लागतात. पण उत्तरही वाचावं. येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. आणि जमिनीवर थुंकून चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोहाच्या तळ्यावर धुऊन ये.