फीनिक्सची कोरडी हवा: टाचा, पोळ्या आणि अंबाडीचं सार

मुंबईहून ॲरिझोनातल्या फीनिक्सला येऊन दोन महिने झाले, अंगाला खाज सुटते, टाचा भेगाळल्यात, पोळ्या तासाभरात कडक होतात आणि आणलेली आमसुलं संपत आलीत. इथलं काय लावावं, काय खावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्वचेचं बघू. मे-जूनच्या दुपारी इथली आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. घाम जाणवायच्या आत उडून जातो आणि कातडीतलं पाणीही हवा ओढून घेते. मुंबईतलं पातळ लोशन बहुतांशी पाणीच असतं, ते इथे दिवसातून चारदा लावूनही पुरणार नाही. पंपाच्या बाटलीऐवजी डबीतलं घट्ट, बिनवासाचं क्रीम घ्या, ज्यात सेरामाइड (कातडीतच असणारा, ओल धरून ठेवणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीन असेल. सेराव्ही या कंपनीची मोठी डबी जवळपास सगळीकडे मिळते.

क्रीम कुठलं यापेक्षा ते कधी लावता याने जास्त फरक पडतो. आंघोळ ५ ते १० मिनिटांत उरका, पाणी कोमट ठेवा. उन्हाळ्यात इथे गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं, तेव्हा गरम पाण्याचा नळ उघडूच नका. टॉवेलने अंग नुसतं टिपा आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. कोपर, नडगी, हाताच्या पाठी इथे वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. खोबरेल तेल आवडत असेल तर तेही ओल्या अंगावरच. कोरड्या कातडीवर चोळलं की वरवर तुळतुळीत दिसतं, पण ज्या पाण्याला अडवायचं ते आधीच उडून गेलेलं असतं.

इथलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. साबणाचा क्षारांशी संयोग होऊन चिकट थर अंगावर राहतो आणि खाज वाढते. साबणाऐवजी सौम्य सिंडेट वडी (साबण नसलेली, अंग धुण्याची वडी) वापरा, तीही काखा, जांघा आणि पायांपुरती. रोज बेसन किंवा उटणं लावायची सवय असेल तर ती इथे सोडा. ग्लिसरीन-गुलाबपाण्यात लिंबू पिळायचा घरगुती प्रकार तर अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर इथलं ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येतात.

टाचांसाठी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, याला तोड नाही. कोकणातून कुणी येणार असेल तर वडी मागवून घ्या. ती सामानात वितळून सांडायची भीती कमी, कारण सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. फक्त उभ्या गाडीत ठेवू नका. पाय १० मिनिटं कोमट पाण्यात बुडवून पुसा, वडी किंचित गरम करून भेगांवर घासा, सुती मोजे घालून झोपा. नुसती जाड, राठ टाच असेल तर २० टक्के युरियाचं क्रीम चांगलं काम करतं, पण उघड्या भेगेत ते झोंबतं. नाक सुकून रक्त येत असेल तर सलाइन जेल (मिठाच्या पाण्याचं, नाकात लावायचं जेल) वापरा. रोज रात्री नाकात तेल-तूप सोडणं टाळा, ते थोडंथोडं फुप्फुसात उतरू शकतं.

पोळ्यांचंही गणित तेच. इथे कणीकच मुळात जास्त सुकलेली असते, म्हणून २ वाट्या कणकेला नेहमीपेक्षा २-३ चमचे पाणी जास्त लागतं. १ चमचा तेल घालून मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. झाकलं नाही तर वर पापुद्रा धरतो, तो लाटताना मोडत नाही आणि पोळी तिथेच फाटते. मुंबईत वाफेने ओल्या होऊ नयेत म्हणून डब्याचं झाकण किलकिलं ठेवतात; इथे तव्यावरून उतरली की फडक्यात, आणि झाकण लगेच बंद.

आमसुलांची चिंता नको. मेक्सिकन दुकानात ‘हमाइका’ नावाने सुकी लाल फुलं मिळतात, ती आपल्या लाल अंबाडीचीच बोंडं. अर्धी वाटी बोंडं ४ वाट्या पाण्यात ५ मिनिटं उकळा, २० मिनिटं झाकून ठेवा, गाळा. गूळ, जिरेपूड, मीठ घातलं की उन्हातून आल्यावर प्यायचं उत्तम सार. सोलकढीसाठी हा अर्क पूर्ण गार झाल्यावरच नारळाच्या दुधात घाला, गरम घातला तर दूध फाटतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण अंबाडीने रक्तदाब उतरतो.

मटकीच्या उसळीची आठवण येत असेल तर टेपरी बीन्स शोधा. याच वाळवंटातले मूळ रहिवासी ओ’ओधम लोक पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आलेलं हे कडधान्य, मटकीसारखंच कमी पाण्यावर येणारं. तपकिरी दाण्यांना मातकट, खमंग चव असते. पांढरे किंचित गोड. १ वाटी दाणे रात्रभर भिजवायचे ते क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरच्याच पाण्यात. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे साल कडक राहते आणि कितीही शिजवलं तरी दाणा मऊ होत नाही. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये) ३५ ते ४० मिनिटं लागतात. चिंच आणि गूळ दाणा बोटाने चेपला गेल्यावरच घाला. गोडा मसाला इथे फार शोभतो.

निवडुंगाची कोवळी पानं, नोपालेस, काटे काढून चिरलेलीच घ्या. भेंडीसारखीच तार सुटते. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, तार आटेपर्यंत परता, मीठ शेवटी. हिंग-मोहरीची फोडणी, ठेचलेला लसूण, मूठभर दाण्याचं कूट. चव मुळातच आंबट असते, लिंबू लागत नाही.

वाळवणं हवीत तर कुरडया इथे एका दिवसात वाळतात, पण थेट दुपारच्या उन्हात टाकू नका: वरून कडक, आत ओल्या राहतात आणि डब्यात बुरशी धरतात. पहिले दोन-तीन तास सावलीत, वर पातळ कापड. जुलै-ऑगस्टमध्ये धुळीच्या वादळाची सूचना फोनवर आली की आधी ताटं आत घ्या.